परतीची खेप

वाहनांना आमच्या वाङ्मयांत प्राचीन काळापासून मान आहे, आणि त्यांतही विमानाला विशेष. परंतु पुष्पक विमानाचें जें वर्णन रसिकांच्या मनांत ठसलें आहे तें जाण्याच्या वाटेचें नसून परतीच्या वाटेचें आहे, ही गोष्ट वाचकांच्या ध्यानांत क्वचितच येते. कालिदासानें रघुवंशाच्या तेराव्या सर्गांत राम आणि सीता यांस लंकेहून अयोध्येस आणतांना खालचा समुद्र, खालचीं अरण्यें आणि ओळखीचीं स्थळें एकामागून एक दाखविलीं आहेत. आणि त्या वर्णनाची सारी गोडी, दूर गेलेलीं माणसें परत येत आहेत, या जाणिवेंत आहे. उलट तुकोबांस न्यावयास आलेलें विमान लोकांच्या मनांत राहिलें तें तुकोबा परत आले नाहींत म्हणून. विमान वर कसें चढलें यापेक्षां त्यांतून कोण गेलें आणि कोण परतलें, हाच प्रश्न आमच्या जुन्या कवींस व भाविकांस महत्त्वाचा वाटला.

हाच प्रश्न आधुनिक विमान-वाङ्मयास विचारून पाहावा, असा आमचा या लेखांत हेतु आहे. विमान-वाङ्मय म्हणजे येथें हौशी उतारूंचीं प्रवासवर्णनें नव्हेत. ज्या वस्त्यांना रस्ता नाहीं व आगगाडी नाहीं, त्यांना टपाल, धान्य व औषधें पोंचविणारीं जीं मालवाहू विमानें, त्यांच्याविषयींचें वाङ्मय आम्हांस अभिप्रेत आहे. सातारा-सांगलीकडील वाचकांस हा विषय परका वाटेल. तो तितका परका नाहीं, हें पुढें दिसेल.

या वाङ्मयांतील अग्रेसर ग्रंथ म्हणजे आंत्वान द सँत-एक्झ्युपेरी या फ्रेंच वैमानिक लेखकाची, ‘रात्रीचें उड्डाण’ अशा अर्थाच्या नांवाची कादंबरी. ती १९३१ सालीं प्रसिद्ध झाली व त्याच वर्षीं तिला फेमिना पारितोषिक मिळालें. लेखक स्वतः अर्जेंटिनांतील हवाई टपालाच्या कंपनींत अधिकारी होता. म्हणून त्याचें लिहिणें ऐकीव नाहीं. पॅटागोनिया, चिली व पॅराग्वे या तीन दिशांकडून टपाल एकाच रात्रीं ब्वेनोस आयरेस येथें यावयाचें, आणि तें घेऊन युरोपचें विमान सुटावयाचें, अशी योजना असते. पॅटागोनियाचें टपाल आणणारा फाबियें वादळांत सांपडतो आणि नाहींसा होतो. कंपनीचा प्रमुख रिव्हिएर हा, आगगाडी व आगबोट यांच्यावर दिवसां मिळविलेली आघाडी रात्रीं गमवावयाची नाहीं, या निश्चयाचा मनुष्य. तो युरोपचें विमान थांबवीत नाहीं. आंद्रे जीद यानें या पुस्तकास प्रस्तावना लिहून, व्यक्तीच्या सुखापेक्षां मोठें असें कांहीं कर्तव्य आहे, या त्यांतील विचाराचा गौरव केला.

या कादंबरीची थोरवी आम्हांस मान्य आहे. रिव्हिएरचें एकाकीपण, फाबियेंच्या पत्नीची त्याच्या कचेरींतील भेट, वादळावरील चांदण्यांत विमान शिरतें तो प्रसंग, हे सर्व एका समर्थ लेखणीचे आहेत. तथापि आमचा प्रश्न शिल्लक राहतो. जें टपाल वेळेवर पोंचावें म्हणून एवढी किंमत द्यावयाची, तें टपाल कोणाचें? पॅटागोनियांतून पत्र धाडणारा मनुष्य कोण, त्यानें काय लिहिलें होतें, तें पत्र बुडाल्यानें त्याचें काय बुडालें? यांपैकीं एकही मनुष्य पात्र होऊन आपल्यापुढें येत नाहीं. आरंभीं वैमानिकास खालीं एकाकी शेतघराचा दिवा दिसतो, आणि तो उजेड किती दूर जातो हें त्या घरांतील माणसांस ठाऊक नसेल, असें त्याच्या मनांत येतें. लेखकास दिवा दिसला. दिव्याखालीं पत्र लिहीत बसलेला मनुष्य दिसला नाहीं.

पुढें सुमारें ऐंशीं वर्षांनीं कॅनडांत ‘आइस पायलट्स’ ही दूरचित्रवाणीवरील मालिका निघाली, व २००९ पासून २०१४ पर्यंत चालली. यलोनाइफ येथील बफेलो एअरवेज ही १९७० सालीं स्थापन झालेली कंपनी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळचीं डीसी-३ व सी-४६ हीं विमानें वापरून उत्तरेकडील वस्त्यांना माल पोंचवीत असे. तिचे वैमानिक व यंत्रकारागीर हे या मालिकेचे नायक. थंडीनें गोठलेलें इंजिन सुरू होईल काय, माल चढविणाऱ्या तरुणास वैमानिकाची खुर्ची मिळेल काय, यांवर प्रेक्षकांचा जीव टांगलेला असतो. करमणूक म्हणून ती वाईट नव्हे. परंतु जें रिव्हिएरच्या गोष्टींत उणें होतें तेंच येथें अधिक उणें आहे. माल उतरला कीं गोष्ट संपते. पेटी उघडून तींतील पदार्थांची किंमत पाहणारी गृहिणी कॅमेऱ्याच्या बाहेर उभी असते.

आणि खरी कथा तर तिच्याच घरांत आहे. कॅनडाच्या नुनाव्हुत या उत्तरेकडील प्रदेशांत २५ वस्त्या आहेत. त्यांना दक्षिणेशीं जोडणारा एकही रस्ता नाहीं. उन्हाळ्यांत बर्फ वितळलें म्हणजे जहाज येतें. बाकीचे महिने सारी भिस्त विमानावर. विमान उत्तरेस जातांना भरलेलें असतें व येतांना बव्हंशीं रिकामें असतें. आतां ज्याला बैलगाडीचें भाडें ठाऊक आहे त्याला हें सांगणें नको कीं, परतीची खेप रिकामी असली म्हणजे दोन्ही वाटांचें भाडें एकाच मालावर चढतें. त्यामुळें उत्तरेकडील दुकानांतील दूध व भाजी दक्षिणेच्या मानानें अतिशय महाग असते. सरकारनें हा भार हलका करण्यासाठीं २०११ पासून दुकानदारांच्या हातीं साहाय्याची रक्कम देण्याची पद्धत घातली. परंतु ती सारी रक्कम गिऱ्हाइकाच्या पदरांत पडते कीं नाहीं याची खात्री सरकारी खात्यानें करून घेतलेली नाहीं, असा ठपका त्या देशाच्या महालेखापरीक्षकानें २०१४ सालीं ठेविला. रिकाम्या परतीच्या खेपेचा हा सारा इतिहास आहे. आणि वैमानिकाच्या शौर्याच्या कथेंत त्याला जागा नाहीं.

याहून गंभीर गोष्ट अशी कीं, या वस्त्या दूर आहेत त्या निसर्गानेंच दूर ठेविल्या, असा समज अशा कथांनीं दृढ होतो. वस्तुस्थिति नेहमींच तशी नसते. १९५३ सालीं कॅनडाच्या सरकारनें क्वेबेकच्या उत्तर भागांतील इनुक्जुआक येथील कांहीं इनुइट कुटुंबें सुमारें २,००० किलोमीटर उत्तरेस ग्रीस फियोर्ड व रेझोल्यूट येथें नेऊन ठेविलीं. न रुचल्यास दोन वर्षांनीं परत आणूं, असें वचन दिलें होतें. तें पाळलें नाहीं, आणि जाहीर क्षमा मागावयास २०१० साल उजाडलें. याच इनुक्जुआकच्या परिसरांत रॉबर्ट फ्लॅहर्टी यानें ‘नानूक’ हा १९२२ सालचा जगप्रसिद्ध चित्रपट घेतला होता. त्याचा तेथील इनुइट स्त्रीपासून झालेला मुलगाही १९५५ सालीं उत्तरेस पाठविला गेला. सारांश, बर्फांतल्या ज्या माणसांचें चित्र जगानें कौतुकानें पाहिलें, तींच माणसें अधिक दूर नेण्यांत आलीं, आणि मग त्यांना माल पोंचविणाऱ्यांचें कौतुक सुरू झालें. दुर्गमता ही पुष्कळदां सांपडलेली नसते, केलेली असते.

आतां आमच्या मुलखाकडे वळूं. कऱ्हाडजवळ वारुंजी येथें एक लहानसा विमानतळ आहे. तो १९५५ सालीं सार्वजनिक बांधकाम खात्यानें बांधला, व तो कोयना धरणाच्या कामास येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सोयीसाठीं बांधला. महाबळेश्वरीं उगम पावलेली कोयना सह्याद्रीच्या कुशींतून दक्षिणेस वाहते, हेळवाकेजवळ पूर्वेस वळते, आणि कऱ्हाडास कृष्णेच्या प्रीतिसंगमांत मिळते. तिला अडविणारी १०३ मीटर उंचीची भिंत उभी राहिली आणि मागें सुमारें ५० किलोमीटर लांबीचा शिवसागर पसरला. जावळी, पाटण व महाबळेश्वर या तालुक्यांतील पुष्कळ गांवें पाण्याखालीं गेलीं. त्यांतील माणसें ठाणें, रायगड, सांगली अशा दूरच्या जिल्ह्यांत विखुरलीं. त्यांच्याविषयीं पुष्कळ बोललें गेलें, व तें योग्यच झालें.

परंतु जीं गांवें पाण्याच्या रेषेच्या वर राहिलीं त्यांचें काय झालें? पूर्वीं ज्या नदीकांठच्या वाटेनें बाजार, नातेवाईक व कचेरी गांठतां येत असे ती वाट बुडाली. पलीकडचें कांदाटी खोरें पाण्यापलीकडचें खोरें झालें. तेथें धान्य न्यावयाचें तर लाँच, आजारी मनुष्य आणावयाचा तर लाँच, मोटार न्यावयाची तर तापोळ्याचा तराफा. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे लाँच लागते त्या ठिकाणापासून गांवापर्यंत गाळ तुडवावा लागतो. पावसाळ्यांत वारा उठला म्हणजे लाँच थांबते. पुढें १९८५ सालीं अभयारण्य झालें आणि २०१० सालीं व्याघ्रप्रकल्प झाला. त्यांचे हेतु चांगले, तथापि नव्या रस्त्याची वाट अधिकच बिकट झाली. ज्या योजनेनें कऱ्हाडास विमान उतरविलें, त्याच योजनेनें वरच्या खोऱ्याची पायवाट बुडविली, हा योगायोग नव्हे. त्या एकाच कामाच्या दोन बाजू आहेत. एकास जवळ आणतांना दुसऱ्यास दूर लोटलें गेलें.

या खोऱ्यांतून परतीच्या खेपेंत काय गेलें, हें पाहूं. पाणी बोगद्यांतून पश्चिमेस पोफळीच्या वीजगृहांत गेलें, आणि त्याची वीज साऱ्या राज्याच्या कारखान्यांस मिळाली. माणसें मुंबईस गेलीं. तीं धरणापूर्वींही जात होतीं, हें खरें. परंतु आतां मागें राहण्याचीं कारणें उणावलीं. जावळी-पाटणकडील हे लोक मुंबईच्या गोद्यांत व बाजारांत माथाडी झाले. त्यांच्यासाठीं १९६९ चा कायदा झाला, आणि त्यांचे पुढारी अण्णासाहेब पाटील हेही पाटण तालुक्याचेच. ज्यांच्या गांवास ओझें पोंचत नाहीं, त्यांनीं महानगराचें ओझें पाठीवर घ्यावें, यांतील विसंगति एखाद्या कादंबरीकारास पुरेल एवढी आहे.

मराठी वाङ्मयानें या बाजूस अगदींच पाठ फिरविली असें नाहीं. सांगली जिल्ह्यांतील वाटेगांवचे अण्णा भाऊ साठे बालपणीं बापाबरोबर मुंबईची वाट चालले, आणि गांवीं राहिलेल्या प्रियेसाठीं झुरणाऱ्या मुंबईकर मजुराची त्यांची छक्कड लोकांनीं कंठांत सांठविली. ती न परतलेल्या माणसाचेंच काव्य होय. विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’नें (१९९१) धरणग्रस्तांचे हाल विस्तारानें मांडले. परंतु उठून गेलेल्यांची कथा व शहरांत पोंचलेल्यांची कथा यांच्यामध्यें एक तिसरी कथा राहते, ती जागच्या जागीं राहून दूर पडलेल्यांची. तिचा उत्कृष्ट नमुना आम्हांस एका लहान पुस्तकांत दिसतो; तें पुस्तक व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५).

बनगरवाडींत विमान नाहीं, मोटारही जवळजवळ नाहीं. वाहन आहे तें एका कोंवळ्या मास्तराचे पाय. आज सांगली जिल्ह्यांत असलेला आटपाडीचा हा माणदेशी मुलूख तेव्हां औंध संस्थानांत होता, आणि संस्थानची राजधानी साताऱ्याकडे दूर होती. राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा मास्तर धनगरांच्या त्या वाडीवर चालत येतो, आणि हळूहळू शाळेच्या पलीकडचीं कामें त्याच्या गळ्यांत पडतात. वाडीचें बाहेरच्या जगाशीं जें कांहीं देणें-घेणें तें त्याच्या हातून होऊं लागतें. रिव्हिएरच्या सेवेचें जें कार्य तेंच याचें. परंतु माडगूळकरांनीं थैली उघडून दाखविली आहे. कारभारी, आनंदा रामोशी, आयबू, शेकू यांच्या गरजा, लबाड्या, लाज आणि मोठेपणा हेंच या टपालाचें सामान आहे. बैलाच्या जागीं जुवाला खांदा देणारी शेकूची बायको ज्यानें वाचली आहे त्याला, माल वेळेवर न पोंचणें म्हणजे काय, हें वेगळें सांगावें लागत नाहीं.

आणि परतीची खेप? वाडीनें मास्तराच्या खटपटीनें तालीम बांधली, खुद्द राजेसाहेब येऊन गेले, क्षणभर वाडी जगाच्या जवळ आली. नंतर दुष्काळ पडला. मेंढरें घेऊन माणसें एकेक निघून गेलीं, आणि अखेरीस शाळेस मुलें उरलीं नाहींत तेव्हां मास्तरही निघाला. राजा एकदां येऊं शकतो, परंतु पाऊस व चारा तो आणूं शकत नाहीं. वर्षांतून एकदां समारंभानें येणारें मोठें वाहन आणि रोज पायीं जाणारा लहान माणूस यांतील भेद माडगूळकरांनीं कोठेंही व्याख्यान न देतां दाखविला आहे. फाबियेंचा मृत्यु आपणांस हलवितो. बनगरवाडीचें ओस पडणें आपणांस विचारांत पाडतें. आमच्या मतें या विषयापुरती दुसरी कृति अधिक खोल आहे.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो विचारार्ह आहे. कलाकृतीस जमाखर्च विचारणें हा अरसिकपणा नव्हे काय? वैमानिकाची कथा सांगणाऱ्यानें दुकानांतल्या दुधाचा भाव कां सांगावा? आमचें उत्तर असें. लेखकानें कोणता विषय घ्यावा हें टीकाकारानें सांगूं नये. परंतु त्यानें घेतलेल्या विषयास पुरता न्याय दिला कीं नाहीं, हें पाहणें टीकाकाराचें कामच आहे. वैमानिकाचें शौर्य हें सेवेचें शौर्य आहे असें लेखक म्हणत असेल, तर ज्याची सेवा केली तो मनुष्य कथेंत असला पाहिजे. तो नसेल तर शौर्य उरतें, सेवा उरत नाहीं. शिवाय अशा कथांचा परिणाम कागदावरच राहत नाहीं. वाहणारा तेवढा थोर, घेणारा तेवढा दीन, हें चित्र मनांत ठसलें म्हणजे योजना आंखणाऱ्यांसही, आपण उपकार करीत आहों, असें वाटूं लागतें. आणि उपकाराची गाडी चुकली तर तक्रार कोणीं करावयाची?

हें चित्र पालटूं शकतें, याचें उदाहरणही त्या उत्तरेकडेच सांपडतें, आणि तें आम्हां कोयनाकांठच्या लोकांस विशेष बोधप्रद आहे. क्वेबेकमध्यें जेम्स उपसागराच्या बाजूस जलविद्युतेची प्रचंड योजना निघाली तेव्हां क्री व इनुइट लोकांनीं तीस विरोध केला, न्यायालयांत दाद मागितली, आणि १९७५ सालीं सरकारास त्यांच्याशीं करार करावा लागला. भरपाईच्या रकमेचा कारभार पाहण्यासाठीं इनुइट लोकांची मकिव्हिक ही संस्था १९७८ सालीं निघाली. त्याच वर्षापासूनची एअर इनुइट ही विमान कंपनी आज याच संस्थेच्या मालकीची आहे, आणि नुनाव्हिकमधील १४ गांवांना माणसें व माल ने-आण करते. ज्यांना १९५३ सालीं बोटींत घालून नेलें त्यांचें इनुक्जुआक हें त्या १४ गांवांपैकीं एक. धरणाच्या लढ्यांतून तेथें गांवकऱ्यांच्या हातीं विमानें आलीं. आमच्याकडे धरणांतून लाँच आली, आणि ती केव्हां सुटेल हें ठरविण्याचा अधिकार मात्र कांठावरच्या माणसाच्या हातीं राहिला नाहीं. मालकी आली म्हणून तेथील भाडें स्वस्त झालें, असें आम्ही म्हणत नाहीं. थंडी आणि अंतर हीं मालक पाहून सवलत देत नाहींत. परंतु उपकार घेणारा आणि आपल्या गाडीची वाट पाहणारा यांच्या उभें राहण्यांत फरक असतो.

हा विचार आमच्या मातीस नवा नाहीं. ज्या औंध संस्थानांत बनगरवाडी होती, त्याच संस्थानांत १९३९ सालीं राजानें स्वतः होऊन खेड्यांच्या हातीं कारभार दिला होता. सांगलीकडे तर रोजचा दाखला आहे. दूध गोळा करणारी गाडी आडगांवींही पहाटे येते. पाऊस असो, रस्ता फुटलेला असो, ती येते. तेंच वाहन कांहीं वांटण्यासाठीं यावयाचें असेल तर उद्यांवर ढकललें जातें. कारण उघड आहे. दुधाची गाडी गांवास द्यावयास येत नसून गांवाकडून न्यावयास येते. तिची परतीची खेप भरलेली आहे. ज्या गांवाकडून कांहीं नेण्यासारखें आहे, आणि तें नेण्याचा भाव ठरविण्यांत ज्या गांवास बोलतां येतें, तें गांव नकाशावर कितीही दूर असलें तरी दुर्गम नव्हे.

म्हणून दूरच्या वस्तीविषयींच्या प्रत्येक पुस्तकास, आणि प्रत्येक योजनेसही, आम्ही हीच एक कसोटी लावूं इच्छितों: येतांना काय आणलें हें सांगितलेंत, जातांना काय नेलें, आणि तें कोणाच्या संमतीनें? सँत-एक्झ्युपेरीसारखा थोर लेखकही या कसोटीस उणा उतरतो, आणि माणदेशच्या एका मास्तराची साधी गोष्ट तीस पुरी उतरते, यांत आम्हांस मराठी वाङ्मयाच्या खऱ्या सामर्थ्याची खूण दिसते. शिवसागराच्या पलीकडल्या तीरावर, लाँचच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या माणसाची कादंबरी त्याच हातोटीनें लिहिली जावी, अशी आमची इच्छा आहे. ती लिहिणारा लाँचच्या तांडेलाजवळ नव्हे, तर कांठावर बसलेला असावा.